बॉयलरचा आकडा खाली आणताना

आमचं घर गॅसच्या बॉयलरवर गरम होतं, तो पाणी तापवतो आणि ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे भिंतीवरच्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांमधून फिरतं. बॉयलरच्या पुढच्या पॅनेलवर दोन बटणं आहेत, एकावर नळाचं चित्र आणि एकावर रेडिएटरचं. नळाच्या बटणाशी घरातल्या सगळ्यांचीच ओळख, अंघोळीचं पाणी कमी-जास्त करायला कोणी ना कोणी ते फिरवतंच. रेडिएटरच्या बटणाला मात्र बॉयलर बसवल्यापासून कोणी हात लावला नव्हता, बसवणाऱ्याने ७५ वर ठेवलं ते ७५ वरच. बिल वाढायला लागल्यावर बाकी सगळं करून झालं होतं, थर्मोस्टॅट एक डिग्री खाली, घरात स्वेटर, खिडक्यांना जाड पडदे. त्याने फरक पडतोच, साधा हिशोब आहे, बाहेर ५ डिग्री आणि घरात २० म्हणजे १५ चा फरक, त्यातला १ कमी केला की पंधरावा भाग, म्हणजे साडेसहा-पावणेसात टक्के उष्णता कमी लागते. पण त्याच्यापुढे गेलं की घरात कुरकुर सुरू. मला घर गार न करता गॅस वाचवायचा होता, आणि त्यासाठी ते दुसरं बटणच कामाचं होतं.

थर्मोस्टॅट ठरवतो खोली किती गरम करायची, आणि हे बटण ठरवतं रेडिएटरमध्ये जाणारं पाणी किती गरम करायचं, त्याला फ्लो टेम्परेचर म्हणतात. आता हे का महत्त्वाचं, तर आमचा बॉयलर कंडेन्सिंग आहे. गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते, जुन्या बॉयलरमध्ये ती धुराबरोबर बाहेर जाते आणि जाताना आपली उष्णताही घेऊन जाते. कंडेन्सिंगमध्ये हाच धूर आतल्या आत इतका थंड होतो की वाफेचं पाणी होतं, गार ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसं, आणि त्यावेळी सुटलेली उष्णता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. नॅचरल गॅसच्या बाबतीत ही वाफेतली उष्णता साधारण ११ टक्के भरते, म्हणजे सोडून देण्यासारखी नाही. पण हे सगळं कधी होणार, तर घरभर फिरून बॉयलरकडे परत येणारं पाणी ५५ डिग्रीच्या खाली असेल तेव्हा. आणि ५५ च्या खाली आलं की लगेच सगळा फायदा पदरात असंही नाही, ५० ला थोडा, ४० ला बराच, त्याखाली आणखी. आमच्याकडे ७५ ने निघालेलं पाणी ६५ च्या आसपास परत येत होतं. नाव कंडेन्सिंग आणि काम जुन्या बॉयलरचं!

हे ६५ कसं कळलं, तर पाइपला चिमट्यासारखा लावायचा थर्मामीटर मिळतो तो घेतला, एक जाणाऱ्या पाइपला लावला आणि एक परत येणाऱ्या. अगदी अचूक नसतो, पाइपच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, पण आपल्याला चढउतार कळला तरी पुरे. दुसरी गोष्ट मी केली ती घरात चेष्टेचा विषय झाली. कंडेन्सिंग बॉयलरमधून एक प्लास्टिकचा बारीक पाइप निघतो, वाफेचं झालेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. आमचा तो पाइप जमिनीतल्या जाळीवर मोकळा सुटतो, त्याच्याखाली मी एक मापाचा जग ठेवला. कागदावरच्या हिशोबाने एक घनमीटर गॅस जळला की १.६ लिटरच्या आसपास पाणी तयार होतं, त्यातलं जितकं जगात पडेल तितकी वाफ आपण पकडली आणि बाकीची बाहेर गेली. म्हणजे गॅस मीटरचा आकडा लिहायचा, जग रिकामा करायचा, सकाळी दोन्ही बघायचे, ह्याहून सोपी परीक्षा नाही. ७५ वर रात्रभर बॉयलर चालूनसुद्धा जगाचा तळ जेमतेम ओला. (हे पाणी आम्लधर्मी असतं, झाडांना वगैरे घालू नका, आणि पाइपच्या आधी बॉयलरमध्ये जो पाणी भरलेला ट्रॅप असतो त्याला अजिबात हात लावायचा नाही, धूर घरात येऊ नये म्हणून असतो तो.)

इथेच एक महत्त्वाचं सांगून टाकते, तुमचा बॉयलर जुना म्हणजे बिनकंडेन्सिंगचा असेल तर हा उद्योग करू नका. त्यात परतीचं पाणी फार थंड झालं की वाफेचं तेच आम्लधर्मी पाणी आतल्या भागांवर बसतं आणि ते गंजायला लागतात. प्लास्टिकचा बारीक पाइप ड्रेनेजला गेलेला दिसला तर कंडेन्सिंग आहे, ही सोपी खूण.

मग आकडा उतरवायला सुरुवात केली. एकदम नाही, ७५ वरून ६५, मग काही दिवसांनी ६०, मग ५५. ६५ ला कोणाला काही कळलंच नाही. ६० ला सकाळी घर गरम व्हायला जरा जास्त वेळ लागला म्हणून हीटिंग सुरू व्हायची वेळ अलीकडे घेतली. ५५ ला मात्र सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांची सवय अशी की येता-जाता रेडिएटरला हात लावून बघायचं, इतके दिवस चटका बसायचा, आता नुसताच कोमट.

"अगं, हा बंद पडलाय बघ."

"नाही आई, चालू आहे, पाणी कमी गरम सोडलंय मुद्दाम."

"मग खोली कशी गरम होणार?"

मी टेबलावरचा थर्मामीटर दाखवला, २०.५. त्यांनी तो उचलून हलवून बघितला, परत ठेवला आणि शाल घेतली. नंतर दोन दिवस त्यांना थंडी वाजत होती कारण रेडिएटर कोमट होता, खोली तेवढीच गरम असूनही! हे हसण्यावारी नेऊ नका, थोडं खरंही आहे त्यात. तापलेल्या रेडिएटरची धग जवळ बसलेल्या माणसाला थेट जाणवते, कोमटची जाणवत नाही. उलट फायदा असा की आधी खोली १९ आणि २२ च्या मध्ये वरखाली व्हायची, आता एका जागी राहते. आठवड्याभराने त्यांनीच सांगितलं की हल्ली डोकं जड होत नाही.

त्यांचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता, कोमट रेडिएटरने खोली कशी गरम होणार? त्याचं गणित असं. रेडिएटरच्या पाण्याचं सरासरी तापमान आणि खोलीचं तापमान ह्यातल्या फरकावर तो किती उष्णता देणार ते ठरतं. पाणी सरासरी ७०, खोली २०, फरक ५०, तेव्हा रेडिएटर त्याच्या लेबलवर लिहिलेली उष्णता देतो. फरक ३० झाला की निम्म्याच्या आसपास, २५ झाला की साधारण ४० टक्के. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक घरांत रेडिएटर कडाक्याच्या थंडीचा हिशोब करून आणि वर आणखी थोडे मोठे बसवलेले असतात, आणि तसली थंडी हिवाळ्यातले थोडेच दिवस असते. बाकीचे दिवस निम्म्या ताकदीवर निघतात, फक्त जास्त वेळ चालू ठेवावे लागतात. "सारखा चालू आहे म्हणजे गॅस खातोय" हे डोक्यातून काढायला नवऱ्याला बराच वेळ लागला. कमी आचेवर जास्त वेळ, असं आहे ते.

५५ वरून ५० वर आल्यावर खरी अडचण निघाली. बॉयलरच्या जवळच्या खोल्या व्यवस्थित, आणि टोकाची कोपऱ्यातली खोली गार. पाणी ७५ चं होतं तेव्हा सगळंच इतकं तापायचं की हा फरक झाकला जायचा. पाणी सोपी वाट धरतं, जवळच्या रेडिएटरमधून भराभर जाऊन परत येतं आणि लांबच्याला उरतं थोडंच. वर परत येणारं पाणी गरमच राहतं, म्हणजे कंडेन्सिंगचंही नुकसान. ह्यावर उपाय बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या रेडिएटरना पाणी नीट वाटून देणं. रेडिएटरच्या एका बाजूला आकडे असलेला टीआरव्ही असतो, खोली गरम झाली की आपोआप पाणी कमी करणारा वॉल्व्ह, आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची टोपी घातलेला एक मुका वॉल्व्ह, तो लॉकशील्ड, टोपी काढली की पान्याने फिरतो.

पण आधी रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली, कारण दोन रेडिएटर वरून गार आणि खालून गरम होते. बॉयलर बंद करून थंड होऊ दिला, खाली फडकं धरलं, चावीने अर्धा आटा फिरवला की फस्स करून हवा, मग हवा-पाणी एकत्र, मग सलग पाणी, लगेच बंद. पाणी स्वच्छ आलं तर छान, काळंकुट्ट आलं तर आत गंजाचा गाळ आहे समजायचं आणि सिस्टीम धुऊन घेऊन मॅग्नेटिक फिल्टर बसवून घ्यायचा. आमचं राखाडी होतं, सर्व्हिसिंगच्या वेळी फिल्टर साफ केला तर आत ओल्या काजळीसारखा थर निघाला. हवा काढली की प्रेशर उतरतं, ते थंड असताना १ ते १.५ बारच्या मध्ये येईपर्यंत पाणी भरायचं आणि भरायचा वॉल्व्ह नीट बंद करायचा. आणि दर थोड्या दिवसांनी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा आतली एक्स्पान्शनची टाकी (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी) गेलीय, नुसतं भरत बसू नका, ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन जातो आणि गंज वाढतो.

तर बॅलन्सिंग. सगळे टीआरव्ही पूर्ण उघडले, सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडले, बॉयलर सुरू केला आणि कोणता रेडिएटर आधी तापतो ते घरभर फिरून कागदावर लिहिलं. जो पहिला तापला त्याचा लॉकशील्ड जवळजवळ बंद करून मग थोडासा उघडला, नंतरच्याचा त्याहून थोडा जास्त, असं करत शेवटच्या कोपऱ्यातल्याचा पूर्ण उघडा. लिहायला एक वाक्य लागतं, करायला अख्खा रविवार जातो, कारण एक पाव आटा फिरवला की बाकीच्यांचं सगळं बदलतं आणि स्थिर व्हायला बराच वेळ लागतो. थर्मामीटरचे चिमटे घेऊन मी ह्या खोलीतून त्या खोलीत, नवरा मागून कागद घेऊन. हॉलचा रेडिएटर फारच हट्टी निघाला, जरा उघडला की सगळं पाणी तिकडेच. शेवटी त्याचा वॉल्व्ह पाव आट्यावर राहिला. प्रत्येक रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपमध्ये दहा-बारा डिग्रीचा फरक आला की बस, त्याहून अचूकतेच्या मागे लागायची गरज नाही असं माझं मत.

ते झालं, ५० ने निघालेलं पाणी ३९-४० ने परत यायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जग भरून जमिनीवर सांडलेला. मोठं भांडं ठेवून मोजलं तर प्रत्येक घनमीटरमागे पाऊण लिटरच्या वर पाणी. त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली.

पुढचा मुद्दा कमी लोकांच्या लक्षात येतो, तो म्हणजे बॉयलरचं सारखं सुरू-बंद होणं. फार कडक थंडी नव्हती अशा एका संध्याकाळी पॅनेलसमोर स्टूल घेऊन बसले. ज्योतीचं चिन्ह लागलं, आकडा ४४, ४७, ५१, ५५, ज्योत बंद, पंप फिरतोय, आकडा हळूहळू खाली, थोड्या मिनिटांत परत ज्योत. हे तासन्‌तास चालू. कारण असं की बॉयलर २४ किलोवॉटचा, कितीही कमी केला तरी पाचेक किलोवॉटच्या खाली त्याची ज्योत जातच नाही, आणि त्या संध्याकाळी घराला लागत होते दोन-तीन. जास्तीची उष्णता जाणार कुठे, पाणी तापतं आणि तो बंद होतो. प्रत्येक वेळी सुरू होताना आतली जुनी हवा बाहेर फेकायला पंखा फिरतो, त्याच्याबरोबर उष्णता जाते, सुट्या भागांची झीज वेगळीच. इतका मोठा बॉयलर का, तर आमचा कॉम्बी आहे, टाकी नाही, नळाला लगेच गरम पाणी द्यायचं म्हणजे तेवढी ताकद लागतेच, घर गरम करायला त्याच्या एक तृतीयांशही पुरते.

हे पूर्ण थांबत नाही, कमी करता येतं. बॉयलरवाल्याला सर्व्हिसिंगच्या वेळी विचारून हीटिंगची कमाल ताकद त्याच्या मेन्यूमधून कमी करून घेतली (नळाची तशीच ठेवली), आणि एकदा बंद झाला की परत पेटायच्या आधी थांबायचा वेळ वाढवून घेतला. ह्या सेटिंग आणि बॉयलरचं झाकण, दोन्ही त्याचंच काम, गॅसच्या बाजूला स्वतः पाना लावायचा नाही. दुसरं, आम्ही न वापरत्या खोल्यांचे टीआरव्ही बंद ठेवायचो, काटकसर म्हणून. चालू रेडिएटर जितके कमी तितकं पाणी कमी, तितकं ते लवकर तापणार आणि बॉयलर तितक्या वेळा बंद होणार. आता ते २ वर ठेवलेत, पूर्ण बंद नाहीत, भिंतीला ओलही धरत नाही. आणि थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथला टीआरव्ही पूर्ण उघडा, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात, टीआरव्ही खोली गरम होऊ देत नाही आणि थर्मोस्टॅट बॉयलर बंद करू देत नाही.

रात्री बंद ठेवायचा की चालू, ह्यावर आमच्याकडे रीतसर वाद झाला. "सतत चालू ठेवलेलं स्वस्त पडतं" असं बरेच जण सांगतात. सरळ विचार केला तर घर जितका वेळ गार राहील तितकी उष्णता कमी बाहेर जाणार, त्यामुळे बंद ठेवणंच स्वस्त. पण पाणी ५० चं असलं की गार पडलेलं घर सकाळी वर यायला तीन-चार तास लागतात, आणि मग कोणीतरी वैतागून बटण परत ७० वर नेतं, आणि सगळ्यात जास्त गॅस जळायच्या वेळेलाच कंडेन्सिंग बंद. आमचा तोडगा, रात्री थर्मोस्टॅट तीन डिग्री खाली, पूर्ण बंद नाही. भिंती पातळ असतील, घर झपाट्याने गार होत असेल तर हिशोब वेगळा येईल.

नळाच्या बाजूचं थोडक्यात. ६० वर ठेवून त्यात गार पाणी मिसळून अंघोळ करण्यापेक्षा कॉम्बीवर सरळ ४८-५० ठेवलं. त्यातच एक प्रीहीट नावाची सोय असते, नळाला झटकन गरम पाणी यावं म्हणून बॉयलर आतलं पाणी दिवसरात्र गरम राखतो, उन्हाळ्यातही अधूनमधून पेटतो. ती बंद केली, आता गरम पाणी यायला जरा थांबावं लागतं, तेवढं पाणी बादलीत घेतो. पण ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी हे करू नका, साठवलेलं पाणी ६० ला ठेवावं लागतं, २० ते ४५ डिग्रीमध्ये लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. अशा ठिकाणी टाकीसाठी वेगळं आणि रेडिएटरसाठी वेगळं तापमान ठेवता येतं का ते विचारून घ्या.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी बाहेरच्या भिंतीवर सेन्सर लावून घेतला, सावलीतल्या बाजूला, खिडकी आणि फ्ल्यूपासून (बॉयलरचा धूर बाहेर सोडणारा पाइप) लांब. बाहेर जितकं गार तितकं पाणी आपोआप जास्त गरम, त्यामुळे मला बटण फिरवत बसायला लागत नाही. ह्याला हीटिंग कर्व्ह म्हणतात, तो ठरवताना नियम लक्षात ठेवायचा, कडाक्याच्या थंडीतच घर गार पडत असेल तर कर्व्हचा चढ वाढवायचा, आणि साध्या थंडीतही गारच वाटत असेल तर अख्खा कर्व्ह वर सरकवायचा. एक बदल, मग दोन-तीन दिवस काही करायचं नाही. हे काही न करणं मला सगळ्यात अवघड गेलं. आता पाणी बरेच दिवस ३८ ते ४५ च्या मध्ये असतं, बर्फ पडायला लागलं की ५० च्या वर जातं.

वाचलं किती? नुसतं बिल बघून हे कळत नाही, एक हिवाळा सौम्य तर दुसरा कडक. मी रोजचं घरातलं आणि बाहेरचं सरासरी तापमान ह्यातला फरक लिहून त्याची आठवड्याची बेरीज काढते, आणि त्या आठवड्यात जळलेल्या गॅसला त्या बेरजेने भागते. एक घनमीटर म्हणजे अंदाजे १० ते ११ युनिट (किलोवॉट-तास). त्या हिशोबाने ७५ च्या काळापेक्षा दहा-अकरा टक्के कमी लागतोय, थर्मोस्टॅट तिथेच ठेवून. ह्यातलं कंडेन्सिंगमुळे किती, बॅलन्सिंगमुळे हॉल जास्त तापायचा थांबला त्यामुळे किती आणि तळघरातल्या उघड्या पाइपांना मी मधेच फोमचं आवरण घातलं त्यामुळे किती, हे वेगळं काढता येणार नाही. नवऱ्याचं म्हणणं सगळं श्रेय फोमचं, कारण तो त्याने कापला होता.

एक सोडून दिलेली गोष्टही सांगते, फटी बुजवायच्या नादात बॉयलरच्या खोलीतल्या हवेच्या जाळीवरही पट्टी लावावी असं मनात आलं होतं, बॉयलरवाल्याने सांगितलं हात लावू नका. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, गजर देणारं यंत्र आम्ही त्याच आठवड्यात लावलं.

कोपऱ्यातली खोली अजून कच्ची आहे. तिला दोन भिंती बाहेरच्या आणि रेडिएटर एका पत्र्याचा, सगळ्या घराचा कर्व्ह त्या एका खोलीपायी वर ठेवावा लागतोय. तेवढ्याच लांबीचा दुहेरी पत्र्याचा बसवायचा विचार चाललाय, पाइप हलवावे लागणार नाहीत असा. सासूबाईंनी सांगून ठेवलंय की तो येईल तेव्हा हात लावून बघणार.